जिराफांचा राखणदार

आज उत्तर केनियात, नामुन्याकच्या रखरखीत माळावर सांबुरू जमातीच्या एका गुराख्यासोबत हिंडले. तो ‘ट्विगा वालिंझीं’पैकी, म्हणजे स्वाहिलीत जिराफांच्या राखणदारांपैकी एक. २०१६ पासून हे काम इथलीच माणसं करतात. प्रत्येक जिराफाची जाळीदार नक्षी वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्याने लांबूनच एक मादी ओळखली आणि घरच्या गाईबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलत राहिला. खाली त्याच्या शेळ्या झुडपं ओरबाडत होत्या, वर ती बाभळीचा शेंडा. १९९० च्या दशकात सुमारे ३६ हजार असलेले हे जाळीदार नक्षीचे जिराफ पुढे निम्म्याहून कमी झाले. मला कुंपणापेक्षा या माणसाच्या नजरेचा भरवसा वाटतो.

निघताना त्याने विचारलं, दुष्काळात तुमची गुरं कुठे नेता? मी माणदेशातल्या चारा छावण्यांचं सांगितलं. बराच वेळ ऐकत होता.