मॅकग्रेगर म्हणजे मूळ कुठले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मराठी माणसाला माझं आडनाव कळलं की 'अरे वा' नंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "पण हे मूळ कुठले?" वाईकर, सासवडकरांमध्ये वाढलेल्यांना आडनावात गाव शोधायची खोड असतेच. लग्न झाल्यावर मीही नवऱ्याला हेच विचारलं होतं. "स्कॉटलंडमधलं पर्थशर," एवढं बोलून तो गप्प बसला, कारण पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांना एकदा सुरुवात करून दिली की चहा दोनदा गरम करावा लागतो.

तर, या आडनावात गाव नाही. चौदाव्या शतकातला कुणी ग्रेगर आणि त्याची पोरंबाळं, बस. मुलूख म्हणाल तर आर्गाइल आणि पर्थशरच्या मधल्या दऱ्या: ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन. राहायचे मॅकग्रेगर, पण सनदा मिळवत गेले शेजारचे कॅम्पबेल. हळूहळू मॅकग्रेगर आपल्याच दरीत कुळं होऊन बसले, आणि 'कसेल त्याची जमीन' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. मग गुरं पळवणं, सूड, परत सूड. सासूबाई हे सगळं शौर्य म्हणून सांगतात. ज्यांची गुरं गेली त्यांना ते तसं वाटलं नसणार.

खरी गोष्ट 1603 ची. त्या फेब्रुवारीत लॉख लोमंडजवळच्या ग्लेन फ्रुइनमध्ये मॅकग्रेगरांनी कहून घराण्याच्या माणसांची कत्तल केली. त्याआधीच्या एका धाडीनंतर कहूनांच्या बायका रक्ताचे सदरे घेऊन स्टर्लिंगला राजापुढे गेल्या होत्या, त्यामुळे स्कॉटलंडचा हा राजा, सहावा जेम्स, आधीच पेटलेला होता. मार्चमध्ये इंग्लंडची एलिझाबेथ वारली, गादी त्याच्याकडे आली, लंडनला जायची बांधाबांध सुरू झाली. तेवढ्या गडबडीतही 3 एप्रिलला हुकूम निघाला: मॅकग्रेगर हे आडनाव रद्द. ज्याचं असेल त्याने दुसरं घ्यावं, नाहीतर मरणाची शिक्षा. माणसं मारणारे राजे पुष्कळ झाले; आडनावालाच फाशी देणारा मला तरी दुसरा आठवत नाही.

घराण्याचा म्होरक्या ग्लेनस्ट्रेचा अ‍ॅलास्डर. 'तुला सुखरूप इंग्लंडात नेऊन सोडतो' असा शब्द देऊन अर्ल ऑफ आर्गाइलने, म्हणजे कॅम्पबेलांच्या प्रमुखानेच, त्याला ताब्यात घेतलं. शब्द पाळलाही. बेरिकपर्यंत नेलं, सरहद्द ओलांडून इंग्लंडच्या मातीवर पाय टेकू दिला आणि तिथूनच उलट एडिंबराला आणलं. जानेवारी 1604 मध्ये त्याला फासावर चढवलं. सासूबाई इथे थांबतात आणि 'बघ, असे असतात कॅम्पबेल' अशा नजरेने माझ्याकडे बघतात, जणू मी त्यांच्याकडची आहे.

उरलेल्यांनी जो आसरा देईल त्याचं नाव लावलं. ड्रमंड, मरी, ग्रॅहम, स्ट्यूअर्ट, ग्रँट. कुणी चक्क कॅम्पबेल. मॅकग्रेगरांमधल्या रॉब रॉय या बंडखोराचं नाव ऐकलं असेल. 1671 चा जन्म, लॉख कॅट्रिनच्या टोकाला. तो कागदावर कॅम्पबेल म्हणून सही करायचा, कारण आई कॅम्पबेलांची. बॅलव्हिडरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, तिच्यावर लिहिलंय: 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर'. शब्द वेगळे आहेत, पण मराठीत मी असंच म्हणेन. मधे 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, 1693 मध्ये विल्यमने ती परत घातली, आणि ती कायमची गेली 1774 ला. एकशेएकाहत्तर वर्षं गेली म्हटल्यावर पाच-सहा पिढ्या आल्याच.

आता आमच्या घरचं. पर्थशरमधल्या कॉम्रीच्या बाजूच्या चर्चची जुनी नोंदवही आता घरबसल्या पडद्यावर बघता येते. तिरकं, शाई पसरलेलं अक्षर. एका जोडप्याच्या थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आडनाव ड्रमंड. त्याच आईबापांच्या धाकट्याच्या नोंदीत मॅकग्रेगर. दोन्हींच्या मधे 1774. माझा नवरा धाकट्याच्या वंशातला. थोरला कॅनडाला गेला, ड्रमंड म्हणूनच गेला, आणि ओंटारिओतले त्याचे पणतू-खापरपणतू आजही ड्रमंड आहेत. म्हणजे सख्खे भाऊ, आणि आडनावं दोन. म्हणून 'मूळ कुठले' याचं माझं उत्तर असं, की आमच्या घरात हे आडनाव बापाकडून सरळ आलेलं नाही; कुणीतरी नोंदवहीसमोर उभं राहून ते मागून घेतलंय. त्याच्या मागे ड्रमंडांची रांग आहे आणि ती कुठे संपते ते ग्रेगरलाच माहीत.

हे काही आमच्याच घरात घडलं असं नाही. त्याच भागातले पाद्री जेम्स मॅकग्रेगर 1786 मध्ये आताच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, पिक्टूला गेले. गेलिक या जुन्या स्कॉटिश भाषेत प्रवचनं करत, आणि तुटपुंज्या पगारातून त्यांनी एका गुलाम स्त्रीची सुटका विकत घेतली. त्यांचे वडील ड्रमंड नाव लावत. दुसऱ्या टोकाला ग्रेगर मॅकग्रेगर नावाचा महाठक: मध्य अमेरिकेत 'पोयाइस' नावाचा देश असल्याची थाप मारून 1820 च्या दशकात त्याने लोकांना जमिनी विकल्या. माणसं जहाजाने पोचली तर पुढे नुसतं जंगल. त्याचे आजोबाही सैन्यात ड्रमंड म्हणूनच होते. सासूबाई पहिल्याचं नाव घेतात, दुसऱ्याचं मी काढते.

मुंबईकर हटकून विचारतात, ग्रँट रोडचा ग्रँट यांच्यातलाच का? नाही हो. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट इन्व्हरनेसकडच्या खऱ्या ग्रँटांचा. तो 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारला. बंदीतले मॅकग्रेगर त्या नावाआड लपले, एवढाच काय तो संबंध.

1822 पासून क्लॅन ग्रेगर सोसायटी नावाची संस्था आहे आणि बंदीतली आडनावं लावणाऱ्यांनाही ती सभासद करून घेते. ओंटारिओच्या एका ड्रमंडाने मध्यंतरी फॉर्म भरला. सासूबाई खूश. "आता आडनावही बदलून टाक म्हणावं," असा निरोप त्यांनी माझ्याकडून धाडला. त्याचं उत्तर आलं: पासपोर्ट, बँक, घराचे कागद, गाडीचं लायसन्स, एवढं सगळं कोण बदलत बसणार? तो ड्रमंडच आहे.