बरणीचे लाड

बरणीला कुणी नाव ठेवतं का? (नावं ठेवणारे घरोघरी आहेत, ते सोडा.) जपान्यांनी ठेवलं. ‘चिगुसा’ नावाची एक बरणी सध्या वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. जन्म दक्षिण चीनमधला, तेराव्या-चौदाव्या शतकातला. उंची जेमतेम 42 सेंटिमीटर, खांद्यावर चार कान, अंगावर तपकिरी झिलई. तिकडे अशा बरण्या ढिगाने भाजल्या जात. माल भरायचा, जहाजावर चढवायची, विषय संपला.

जपानात पोचल्यावर मात्र तिचं नशीब फळफळलं. वसंतात खुडलेली चहाची पानं अशा बरणीत भरून तोंड सीलबंद करायचं आणि नोव्हेंबरच्या सुमाराला पाहुण्यांसमोर सील फोडायचं, अशी तिथली रीत. पक्क्या भाजलेल्या मातीतून ओल आत शिरत नाही, हा तिचा खरा गुण. पण सोळाव्या शतकातले चहाचे शौकीन तेवढ्यावर थांबणारे नव्हते. ते बरणीपुढे बसून तिला न्याहाळत आणि नंतर रोजनिशीत टिपून ठेवत: झिलई कुठवर ओघळलीय, खाली उघडी माती कशी दिसते, अंगावर फुगवटे कुठे आलेत. फुगवटे म्हणजे खरं तर भट्टीतली खोट. यांना त्याचंच कौतुक!

मग तिचा साजशृंगार. आपण लोणच्याच्या बरणीला जुन्या धोतराचा दादरा बांधतो. हिचा दादरा चिनी किनखापाचा, वर रेशमी गोंडे आणि गाठी. पुढे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, बरण्या चहा भरून आणायला इदोहून (आजचं टोकियो) उजी या चहाच्या गावाला निघत, तेव्हा वाटेत भल्याभल्या सरदारांना बाजूला व्हावं लागे.

2009 साली न्यूयॉर्कच्या लिलावात चिगुसाला साडेसहा लाख डॉलरहून जास्त किंमत आली. मला विचाराल तर त्यात मातीचा वाटा थोडाच. सोबत आलेल्या पेट्या, पत्रं, जुन्या मालकांचा माग, पैसे त्याचे. तशीच दुसरी बरणी कागदांशिवाय आली असती, तर कुणी तिच्यात छत्र्या ठेवल्या असत्या.

बोर्निओच्या दायाक लोकांकडे असले कागद नव्हते, तरी समुद्रापलीकडून आलेल्या बरण्या त्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. लग्नात दिल्या, गुन्ह्याचा दंड म्हणून घेतल्या, काहींत तर मृतांच्या अस्थी ठेवल्या. आजचे संग्राहक तसल्या बरण्या हौसेने दिवाणखान्यात मांडतात. आधी आतून नीट धुऊन घेत असतील, अशी आशा आहे.