माईक लागला की मराठी बदलते

आमच्याकडच्या लेखकांचं एक मी बघून ठेवलंय. चहा पिताना जो माणूस स्वतःच्याच कादंबरीतल्या पात्राबद्दल "काय सांगू बाई, त्या म्हाताऱ्यानं मला झोपू दिलं नाही की ओ, मध्यरात्री उठवायचा" असं बोलत असतो, तोच माणूस शर्टाला माईकचा चिमटा लागला रे लागला की ताठ बसतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "सदर व्यक्तिरेखेच्या निर्मितीमागची माझी भूमिका अशी की..." झालं. म्हातारा उठून गेला, व्यक्तिरेखा येऊन बसली.

मी बेळगावातून एक पॉडकास्ट करते, आत्ता लिहिणाऱ्या लेखकांच्या मुलाखतींचा. स्टुडिओ म्हणजे वडगावातल्या घराची मागची खोली, भिंतींना आजीनं शिवलेल्या वाकळा टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. तो काळा फोम मिळतो बाजारात, पण त्याची किंमत ऐकली आणि वाकळच बरी म्हटलं, आणि खरंच सांगते, जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर असले की आवाज असला गप्प बसतो की बस. प्रश्न वेगळाच आहे. वडगाव-खासबाग हा सगळा विणकरांचा भाग, शेजारी यंत्रमाग चालतो, त्यामुळे पाहुण्याची वेळ ठरवायच्या आधी शेजारच्या काकांना विचारावं लागतं की तुमची जेवणाची सुट्टी कधी ओ. त्यात पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर माईकला माणसापेक्षा जास्त आवडते. एप्रिलमध्ये आलेला लेखक दमून थोडक्यात बोलतो, त्यामुळे उन्हाळ्यातले एपिसोड आपोआप छोटे आहेत.

तर माईकची भाषा. आमची सीमाभागाची मराठी म्हणजे "काय करायलास?", "येतो की", "बसा की ओ" असली. त्यात कन्नड कधी मिसळलं, कुठं मिसळलं हे बोलणाऱ्यालापण माहीत नसतं. घरात, शेतात, खडेबाजारात सगळे हीच बोलतात आणि लिहितानासुद्धा आता बरेच जण हीच लिहितात, संवादात तरी. पण मुलाखत म्हटलं की सगळ्यांना वाटतं पुण्यातलं कुणीतरी ऐकायलंय. आणि मग जे कष्टानं पुस्तकात आणलं ते बोलताना टाकून देतात. एका कवीनं तर माझ्यासमोर आपलीच कविता वाचताना "आयला" चा उच्चार असा काही सभ्य केला की मला हसू आवरेना.

यावर उपाय असा काही नाही, पण सवयीनं काही गोष्टी जमल्यात. रेकॉर्डर चालू केलाय हे मी आल्या आल्याच सांगते, लपवाछपवी नको, पण "चला, सुरू करूया" असं म्हणतच नाही. चहा येतो, बसची चौकशी होते, गुडघेदुखी होते, यंदा काजूला मोहोर कसा आहे ते होते (खानापूर-चंदगडकडचा लेखक असला की हे होतंच), आणि यातच कुठंतरी मुलाखत चालू होऊन जाते. "लेखनामागची प्रेरणा काय" हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाकडं इस्त्री करून ठेवलेलं असतं. मी विचारते, लिहायला बसता कुठं? पहिलं कुणाला वाचून दाखवता? कुठल्या पानावर अडलात आणि किती दिवस? एक बाई म्हणाल्या, मी स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीशेजारी उभी राहून लिहिते, बसले की कुणीतरी काहीतरी मागतं, उभी असले की वाटतं स्वयंपाक चालू आहे. यानंतर त्यांना प्रेरणेबद्दल काय विचारायचं?

आणि गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड, निदान मला, कारण मी बोलकी. उत्तर संपलं असं वाटतं तिथं लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, थोडं थांबायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, मग तो जे बोलतो ते ठरवून आणलेलं नसतं. एडिटिंगला बसले की मला त्या थांबलेल्या जागा लांब दिसतात, कापायचा मोह होतो, पण "अं" आणि उसासे काढून टाकले की माणूस बातम्या वाचल्यासारखा वाटायला लागतो.

आता एक तक्रारवजा. सीमाभागातला लेखक म्हटलं की बाहेरचे मुलाखतकार पहिला प्रश्न सीमेचाच विचारतात. विचारा, कोण नको म्हणतं. 1946 चं साहित्य संमेलन इथंच बेळगावात झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, तिथंच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा आम्ही इकडं, आजच्या कर्नाटकात राहिलो, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा चालू आहे, हे इथल्या शाळकरी पोरालापण पाठ असतं. पण एखाद्यानं दोनशे पानं एका विधवा बाईच्या जमिनीच्या वाटणीवर लिहिली असतील आणि त्याला कुणीच विचारलं नाही की शेवटच्या प्रकरणात ती बाई सही का करते, तर त्याला काय वाटत असेल? लेखकाला त्याच्या वाक्याबद्दल विचारलं की तो कसा उजळतो ते बघण्यासारखं असतं. सीमेबद्दल तो बोलतोच, पण त्या सहीबद्दल बोलता बोलता बोलतो, आणि तेव्हा जास्त खरं बोलतो असं माझं मत.

पाहुणे मिळतात कुठं, असं लोक विचारतात. अहो, आमच्याइतकी साहित्य संमेलनं कुठं होतात? कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी, तिकडं निपाणीकडं कारदगा. थंडी पडली की गावोगावी मांडव, ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या पोरी, आणि हे सगळं गावातल्या लोकांच्या वर्गणीवर. शेतातली कामं उरकून आलेली माणसं कथाकथनाला दोन-दोन तास मांडी घालून बसतात, असला श्रोता मोठ्या शहरातल्या एसी हॉलात दाखवा मला. महाराष्ट्रातून लेखक येतात, जेवण झालं की पुढच्या सत्रापर्यंत मोकळे असतात. तेवढ्यात त्यांना शाळेच्या एखाद्या वर्गात गाठायचं, पहिलीच्या बाकावर बसवायचं, पाठीमागं फळ्यावर पाढे, बाहेर लाऊडस्पीकरवर "अमुक अमुक यांनी ताबडतोब स्टेजकडे यावे". पहिलीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला माणूस "सदर व्यक्तिरेखा" म्हणूच शकत नाही, हा त्या बाकाचा गुण.

कधी कधी मनात येतं की जी. ए. कुलकर्णी बेळगावचेच, त्यांना बोलावलं असतं तर? सभा, समारंभ, मुलाखती सगळ्यांपासून चार हात लांब राहिलेला माणूस. आले नसतेच. पण पत्रं मात्र भरभरून लिहायचे, निवडक पत्रांचेच चार खंड निघालेत, म्हणजे नकाराचं एक लांबलचक पत्र आलं असतं आणि ते माझ्या सगळ्या एपिसोडांपेक्षा सरस निघालं असतं. निपाणीचे महादेव मोरे 2024 मध्ये गेले. पिठाची गिरणी चालवत ते लिहीत राहिले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले हे त्यांचे लोक. त्यांच्याकडं वाकळा लावून काय उपयोग, गिरणी चालू ठेवून, पट्ट्याची फटफट मागं असू देऊनच ऐकावं असा तो आवाज. त्यांची आठवण झाली तेव्हापासून मी शेजारच्या मागाचा आवाजपण पूर्ण पुसत नाही, थोडा राहू देते.

आणि उमा कुलकर्णी, त्यापण मूळच्या बेळगावच्या. कन्नडमधून मराठीत इतकं आणलं त्यांनी, आणि पद्धत काय तर यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि या ते ऐकत ऐकत अनुवाद करायच्या. म्हणजे एवढ्या मोठ्या कादंबऱ्या कानातून मराठीत आल्या. पॉडकास्ट पॉडकास्ट म्हणून आम्ही आता नाचतोय, यांचं घरात कधीच चालू होतं.

यावरूनच पुढचा एपिसोड सुचला. एक कन्नड कथालेखिका आहेत, गोकाककडच्या, मराठी त्यांना नीट कळते पण बोलताना अडखळतात. फोनवर म्हणाल्या, तुम्ही मराठीत विचारा, मी कन्नडमध्ये सांगते, चालेल काय? न चालायला काय झालं, आमच्या भाजी मार्केटात रोज असाच व्यवहार होतो, ती कन्नडमध्ये भाव सांगते, मी मराठीत घासाघीस करते, कोथिंबीर दोघींच्या संमतीनं वर टाकली जाते. पुण्याला गेलेल्या एका मैत्रिणीला सांगितलं तर ती वैतागली, म्हणाली अगं आता माझं कन्नड गंजलंय, अर्धं कळणार नाही. मी म्हटलं, कळेल तेवढं ऐक आणि राहिलेलं आईला फोन करून विचार, तेवढंच घरी बोलणं होईल तुझं.