तलाठी गेला कॅरोलिनाला

सातारा जिल्ह्यात ३३ वर्षं नोकरी केली. आधी तलाठी, शेवटची काही वर्षं मंडल अधिकारी. निवृत्तीनंतर निदान सहा महिने तरी ‘सातबारा’ हा शब्द कानावर पडू नये म्हणून मुलाकडे अमेरिकेला गेलो, आणि तिथे सूनबाईनं माझ्यापुढे कागद ठेवला तो जमिनीचाच.

मुलगा-सून नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावात राहतात. राजधानीचं रॉली शहर तिथून अगदी जवळ. केरीत आपली माणसं इतकी की ज्वारीच्या पिठासाठी वणवण करावी लागत नाही. सूनबाई मात्र तिथलीच. तिचं माहेर दोन तासांवरच्या सॉल्झबरीच्या बाजूचं. पूर्वज जर्मन, १७५०च्या आसपास पेनसिल्व्हेनियातून गाड्या जुंपून दक्षिणेत उतरले, एवढंच घरात ठाऊक होतं. नातू झाल्यावर तिनं घराण्याचा माग काढायचं मनावर घेतलं. आडनाव लिहायचं नाही असं तिनं बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

“बाबा, हे ‘पोल’ किती लांब असेल?” एका सकाळी तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. अक्षर असं की मोडी वाचणाऱ्यानंही चष्मा पुसावा. पण ती हळूहळू वाचून दाखवू लागली तसा मी सरसावून बसलो. पांढऱ्या ओकच्या झाडापासून सुरुवात, तिथून उत्तरेला इतके पोल हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून पूर्वेला ओढ्यापर्यंत, मग ओढ्याच्या कडेकडेनं खाली, आणि फिरून पहिल्या ओकपाशी. अहो, ही तर चतुःसीमा! आपल्या जुन्या खरेदीखतात ‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस आंब्याचे झाड’ असतं तीच. पुढे आंबा वठतो आणि दोन भाऊ कोर्टात जातात.

पोल म्हणजे साडेसोळा फूट, हे तिनंच शोधून काढलं. दोन पोल म्हणजे ३३ फूट. मी कप खाली ठेवला. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. ४० गुंठ्यांचा एकर, तो तिथेही तोच. सगळं एकाच इंग्रजी साखळीनं मोजलेलं. मी कागदावर आकृती काढून तिच्या पूर्वजाचं रान गुंठ्यांत काढून दिलं. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं, यांना तालुका सापडला.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही रॉलीच्या सरकारी अभिलेखागारात गेलो. पिशव्या बाहेर, आत फक्त पेन्सिल. मागितलेला कागद मिळतो आणि मागणाऱ्याला चहापाण्याचं विचारावं लागत नाही, हे पाहून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. माझ्या हाताखालून गेलेली दप्तरं आठवली, पावसात भिजलेली.

तिथं मला भेटला एक इनामदार. लॉर्ड ग्रॅनव्हिल. कॅरोलिना मुळात इंग्लंडच्या राजानं आठ सरदारांना बहाल केलेला मुलूख. सात घराण्यांनी आपला हिस्सा १७२९ मध्ये राजाला परत विकला. ग्रॅनव्हिलनं विकला नाही. त्यामुळे आजच्या नॉर्थ कॅरोलिनाचा उत्तरेकडचा जवळजवळ अर्धा भाग जमिनीपुरता त्याच्या एकट्याचा. हा गृहस्थ अमेरिकेत कधी पाऊलही न ठेवता लंडनमधून कारभाऱ्यांकरवी जमीन देई आणि सारा घेई. १७६३ मध्ये तो वारला आणि त्याची जमीन कचेरी बंद पडली. पुढे स्वातंत्र्ययुद्ध झालं, नव्या राज्यानं १७७८ मध्ये स्वतःची कचेरी उघडली. म्हणजे मधली १५ वर्षं लोक रान कसत होते, घरं बांधत होते, पोरं लग्नाला येत होती, आणि नव्या जमिनीला मालकीचा कागदच मिळत नव्हता. सूनबाईला वाटत होतं तिचा पूर्वज त्या काळात कुठं तरी नाहीसा झाला. “नाहीसा कशाला होईल?” मी म्हटलं. “फेरफार झाला नाही, एवढंच. १७७८ नंतरचे अर्ज बघ.” तिथेच सापडला.

एक गोष्ट मी माझ्यापुरती टिपून घेतली. शेजारच्या व्हर्जिनियात वसाहतीच्या काळात जो माणसं आणेल त्याला डोक्यामागे ५० एकर जमीन मिळे. १६३५ मध्ये जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनदारानं २४ डोक्यांवर १२०० एकर मागितली. त्या यादीत एक नाव आहे ‘टोनी, ईस्ट इंडियन’. त्याचं खरं नाव काय होतं, तो कुठल्या बंदरातून निघाला, कागद काहीच सांगत नाही. शिवाजी महाराज पाच वर्षांचे असताना आपल्या बाजूचा एक माणूस ५० एकरांचा आकडा होऊन तिकडे पोचला होता.

सॉल्झबरीला आम्ही तिघं गेलो. गाडी विहीणबाईंनी चालवली. त्या मला सरळ नावानं हाक मारतात, मी त्यांना ‘विहीणबाई’ म्हणतो. शब्दाचा अर्थ समजल्यापासून त्या आपल्या मैत्रिणींनाही तो शिकवतात.

वाटेत याडकिन नदी लागते. या पट्ट्यात ट्रेडिंग फोर्ड नावाचा जुना उतार आहे. गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून मूळ रहिवाशांची व्यापाराची वाट तिथं नदी ओलांडायची. फिलाडेल्फियाहून शेनँडोआ खोऱ्यातून येणारा गाडीरस्ता पुढं याच मुलखात उतरला आणि स्कॉच-आयरिश व जर्मन कुटुंबं त्यानं लोटली. त्या प्रवासाला किती दिवस लागत याची पक्की नोंद मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या १५ जणांनी ठेवलीय. ८ ऑक्टोबर १७५३ ला ते पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमहून निघाले आणि १७ नोव्हेंबरला कॅरोलिनात पोचले. ४० दिवस. आम्ही रॉलीहून दोन तासांत आलो, तरी माझी कंबर धरली होती.

सॉल्झबरी ज्या रोवॅन काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येतं ती त्याच वर्षीची, १७५३ ची. तेव्हा ती अफाट होती. पुढे तिच्यातून आयर्डेल, डेव्हिडसन, डेव्ही अशा काउंट्या निघाल्या. घर जागेवरच, पण आजोबाचे कागद एका काउंटीत आणि नातवाचे दुसऱ्या. पाटण-कऱ्हाडच्या हद्दीवरच्या गावात काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नशीब एवढं की यादवी युद्धात, १८६५ च्या एप्रिलमध्ये, उत्तरेच्या फौजेतल्या स्टोनमनच्या घोडदळानं सॉल्झबरीत कोठारं जाळली तरी काउंटीची जुनी दप्तरं शाबूत राहिली. दक्षिणेत सगळ्यांचं असं नशीब नाही.

ग्रॅनाइट क्वारी नावाच्या गावात एक दगडी घर आहे, मायकल ब्राउनचं, १७६६ चं. दारावरच्या दगडात जर्मन अक्षरं कोरलेली. आत मोठी चूल. भिंतींची जाडी बघून मला आमच्याकडचे वाडे आठवले. या ‘ब्राउन’चं मूळ स्पेलिंग जर्मन. पुढच्या पिढ्या इंग्रजी पद्धतीचे ब्राउन झाल्या. त्या मुलखात हे सर्रास झालं. म्युलरचे मिलर झाले, श्मिटचे स्मिथ. काही त्सिमरमान तर सरळ भाषांतर होऊन कार्पेंटर झाले. म्हणजे आपल्याकडच्या सुतारानं बेळगाव ओलांडून बडिगेर व्हावं तसं. फिलाडेल्फिया बंदरात १७२७ पासून परदेशी पुरुषांना राजनिष्ठेच्या शपथेवर सही करावी लागे आणि कारकून कानाला येईल तसं नाव लिही. कारकुनाचं कान हे काय प्रकरण असतं ते मी जाणतो. आमच्या सज्जात एका गृहस्थाचं नाव ‘दगडू’ ऐवजी ‘दादू’ पडलं आणि त्याच्या मुलांनी दुरुस्तीसाठी सहा वर्षं खेटे घातले.

दुपारी जेवायला मक्याची भजी मिळाली, तिथं त्यांना हशपपी म्हणतात. सोबत चीअरवाइन. नावात वाइन असल्यानं मी आधी हात लावला नाही. १९१७ पासून सॉल्झबरीत बनणारा तो चेरीच्या चवीचा सोडा निघाला. खोकल्याच्या औषधाची आठवण होते, पण दुसरी बाटली मागवलीच.

तिथून ऑर्गन चर्च. खरं नाव झायन लुथरन. आत पाइप ऑर्गन होता म्हणून हे नाव पडलं. इमारत दगडी, १७९४ ची. इथल्या जर्मन शेतकऱ्यांनी १७७२ मध्ये पाद्री आणि शाळामास्तर मागायला माणसं थेट जर्मनीला पाठवली आणि दुसऱ्या वर्षी नुसमान आणि आरेंड्स हे दोघं आले. मागे दफनभूमी. जुने दगड झिजलेले, जर्मन अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात. सूनबाई गुडघ्यांवर बसून एकेक दगड तिरप्या उन्हात वाचत होती. विहीणबाई लांबून आडनावं पुकारत होत्या. तिसऱ्या रांगेत तो मिळाला. बाजूला बायको. दोघी मायलेकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी सवयीनं दगडाच्या चारी बाजू पाहून घेतल्या.

इथवर सगळं छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सॉल्झबरीच्या सार्वजनिक वाचनालयात इतिहासाच्या दालनात बसलो. त्या पूर्वजाच्या मुलाचं मृत्युपत्र मिळालं, १८२०च्या दशकातलं. मृत्युपत्रं मी आयुष्यभर वाचली. बायकोला ‘विधवा राहील तोवर’ घरात जागा, एक पलंग, एक गाय. जमीन मुलांना. मुलींना प्रत्येकी अंथरूण, गाय आणि चरखा. इथपर्यंत काहीच नवल नाही. आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्र करून देतात आणि साडीचोळी घेऊन जातात. ती नावं उताऱ्यावरून कमी करणारा हात माझाच होता.

पुढची ओळ सूनबाई वाचायची थांबली. मी वाचली. धाकट्या मुलाला एक काळी बाई, तिचं पहिलं नाव, आणि ‘तिचा इन्क्रीज’. मला आधी उमगलं नाही. मग वाक्य परत वाचलं. वर गायीच्या कलमात तोच शब्द होता. तिची पुढची वेतं, जी होतील ती.

कूळ मी ‘इतर हक्कां’च्या रकान्यात पाहिलंय. वेठ राबलेल्या माणसांची नावं कुठंच नसलेलीही पाहिलीत. पण बाई आणि तिची न जन्मलेली पोरं मालमत्तेच्या यादीत, चरख्याच्या खाली, हे पहिल्यांदा पाहिलं.

“मला वाटायचं आपण गरीब शेतकरी होतो,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. कागद मात्र सगळं सांगत होता. १७९० च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं आणि पुढं आकडे. शेवटचा रकाना गुलामांचा. सूनबाईनं ते पान वर्षभरापूर्वीच उतरवून घेतलं होतं. त्या रकान्यात २ हा आकडा होता. तिनं तो पाहिला होता आणि पुढं गेली होती, असं तिनंच सांगितलं.

पुढचा रस्ता अवघड. १८५० पासून स्वतंत्र माणसांची नावं एकेक करून लिहिली जातात, पण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं जनगणनेत प्रथम येतात ती १८७० मध्ये. सूनबाईच्या घराण्याचा पाठलाग आम्ही लंडनच्या सरदारापर्यंत केला. त्या बाईचा धागा मात्र त्याच पानावर तुटत होता.

परतताना वाट वाकडी करून सेलमला थांबलो. तेच मोरेव्हियन लोकांचं, १७६६ मध्ये वसवलेलं गाव. यांची दफनभूमी मला फार आवडली. सगळे दगड सारखे, आडवे, पांढरे. कुटुंबाप्रमाणं दफन नाही. विवाहित पुरुष एकीकडे, विवाहित बायका एकीकडे, अविवाहित वेगळे. प्रत्येकाची जीवनकथा लिहून ठेवायची आणि अंत्यविधीला वाचायची पद्धत. म्हणून अब्राहम या मँडिंगो जमातीच्या गुलामाची आफ्रिकेपासूनची कहाणी शाबूत आहे. तो १७९७ मध्ये वारला. गुलाम हे लोकही बाळगत. चर्चनं स्वतः विकत घेतलेले. आधी गोरे-काळे एकत्र पुरले जात. १८१६ मध्ये तेही वेगळं केलं. काळ्या मंडळींच्या सेंट फिलिप्स चर्चमध्ये २१ मे १८६५ ला मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला गेला. इमारत उभी आहे. सूनबाई बाकावर बसून राहिली. मी बाहेर येऊन पातळ मोरेव्हियन बिस्किटांचा डबा घेतला. असल्या वेळी माणसानं काय करावं मला कळत नाही.

केरीला आल्यावर तिनं नवी फाइल उघडली. त्या बाईच्या नावानं. नाव मी इथं देत नाही, तिचे वंशज सापडले तर ते त्यांनी सांगायचं. मी एकच सांगितलं. “मालकाचा कागद सोड. शेजार बघ. माणूस सुटला तरी पहिली काही वर्षं त्याच शिवारात राबतो.”

मी परत आलो. गेल्या महिन्यात पहाटे फोन. १८७० च्या यादीत, त्यांच्या जुन्या घरापासून दोन घरं सोडून, त्याच आडनावाचं एक काळं कुटुंब. नवरा शेतमजूर, बायको, पाच मुलं.

“ती बाई आहे का?” मी विचारलं.

“नाही. पण बाबा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचं नाव तेच आहे.”

मी म्हटलं, पान उतरवून ठेव. आणि पुढच्या-मागच्या चार घरांचीही.