एका माणसाचा स्वयंपाक

आज द्वादशीचे पारणे झाले. ताट घासून पालथे घातले आणि लगेच ही वही घेऊन बसले आहे, कारण काल गीताजयंतीच्या पाठात झालेले एक साधे बोलणे रात्रभर मनातून गेले नाही आणि सकाळी डाळ धुतानाही ते माझ्याबरोबरच होते.

यंदा ताईंनी पारायणाच्या आधी तिसरा अध्याय अर्थासह घ्यायचे ठरवले होते. एकेकीने एकेक श्लोक म्हणायचा आणि त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगायचा. बसण्याच्या क्रमाने तेरावा माझ्याकडे आला. ‘भुञ्जते ते त्वघं पापा ये पचन्त्यात्मकारणात्’ हे मी नीट, न अडखळता म्हटले आणि अर्थही सांगितला की यज्ञ करून उरलेले जे खातात ते सर्व दोषांतून सुटतात, आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते अन्न नव्हे, पापच खातात. तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. हा तुमच्यासाठी नाहीच. तुम्ही एकट्या, तुम्ही आणखी कोणासाठी करणार?” मी मान डोलावली. पुढे चौदावा श्लोक सुरू झाला.

त्यांच्या बोलण्यात मायेखेरीज काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. मला बरे वाटावे म्हणूनच त्या बोलल्या. तरीही घरी परतताना इंदूरच्या राजवाड्याजवळच्या गर्दीत रिक्षा थांबली असता माझे डोळे भरून आले, आणि ते का भरले हे मला तेव्हा कळले नाही.

प्रथम वाटले की हे एकटेपणाचे दुःख असावे. ते आहेच, त्याला मी कधी नाकारले नाही. मोठे पातेले माळ्यावर गेले, पोळपाट तोच राहिला पण त्यावर आता दोनच पोळ्या लाटल्या जातात. बंगळूरहून मुलांचा रोज फोन येतो आणि त्यात रोज विचारले जाते की जेवलीस का. काय जेवलीस असे विचारायला त्यांना वेळ नसतो, आणि तो नसावा हेही मला समजते. चंपाषष्ठीला मी भरीत आणि रोडगे केले, खंडोबाला नैवेद्य दाखवला, खाली जाऊन कुत्र्यालाही घास घातला. परंतु तळी भरली नाही. तळी उचलायला माणसे लागतात. एका माणसाने उचललेली तळी ही तळी होत नाही, आणि ‘येळकोट येळकोट’ एकटीने म्हणायला माझा आवाजही उठला नसता. त्या दिवशी मी रडले नव्हते. मग काल एवढ्याशा वाक्याने का रडू यावे?

रात्री अंथरुणावर पडल्यावर हळूहळू ध्यानात आले की मला लागले ते श्लोकाचे बोलणे नव्हे, मला लागली ती सूट. ‘हा तुमच्यासाठी नाही.’ भगवंताने माणसांना उद्देशून सांगितलेल्या एका गोष्टीतून मला बाजूला काढून ठेवले गेले. आजाऱ्याला उपास माफ असतो, लहान मुलाला सोवळे माफ असते, तसे मला यज्ञ माफ झाले. आणि ज्याला यज्ञ माफ त्याचे जेवण म्हणजे काय उरले? औषधाच्या वेळेआधी पोटात दोन घास ढकलायचे, एवढेच. तो श्लोक मला पापी म्हणाला असता तरी मी सहन केले असते. पापी म्हणायलासुद्धा समोर कोणीतरी आहे असे धरावे लागते.

एका माणसाचा स्वयंपाक कसा असतो हे तो रोज करणाऱ्यालाच माहीत. मूठभर मुगाची डाळ कुकरच्या तळाशी दिसतही नाही. कढल्यात चमचाभर तेल घेतले की ते क्षणात तापते, मोहरी तडतडते न तडतडते तोच हिंग काळा पडू पाहतो, त्यामुळे फोडणी होईपर्यंत दुसरीकडे नजर वळवता येत नाही. सहा माणसांच्या आमटीत मीठ थोडे इकडेतिकडे झाले तर ते भातात, ताकात, गप्पांत खपून जाते. एका वाटीभर आमटीत त्याला लपायला जागा नसते. त्यातून मी नैवेद्य दाखवते, म्हणून चाखून पाहण्याची सोय नाही. वास, रंग आणि उकळीचा आवाज यांवरच सारे ठरवायचे. घर भरलेले असताना मी इतक्या लक्षपूर्वक कधीच रांधले नव्हते, कारण तेव्हा एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने डबे भरायचे असत आणि मन तिसरीकडेच असे. आता मन चुलीपाशी असते. लोक ज्याला साधना म्हणतात ती याहून फार निराळी असेल असे मला वाटत नाही. मग ही साधना माफ करून कशी चालेल?

पण येथे एक शंका मला सोडत नाही आणि ती लिहून ठेवते. मी देवापुढे पाण्याचे चौकोनी मंडल काढते, त्यावर वाटी ठेवते, तुळशीचे पान घालते, प्राणाय स्वाहा पासून समानाय स्वाहापर्यंत म्हणते, आणि तीच वाटी उचलून स्वतःच्या ताटात घेते. अन्न देवाकडे जाऊन माझ्याचकडे परत आले. याला ‘स्वतःसाठी शिजवले नाही’ असे म्हणता येईल का? की मी माझ्या मनाची समजूत घालते आहे? एकत्र कुटुंबात हा प्रश्न पडत नाही, कारण नैवेद्याचा प्रसाद दहा हातांत जातो. येथे हात एकच आहे.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांचा उल्लेख आहे: चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या या कामांत नकळत जीव मरतात, म्हणून पाच महायज्ञ सांगितले. त्या यादीत घरातल्या माणसांची संख्या कुठेही विचारलेली नाही. चूल एका माणसासाठी पेटवली तरी ती चूलच आहे. हे आठवले आणि मला प्रथमच थोडे बरे वाटले, कारण ऋण असणे म्हणजे संबंध असणे. माझ्या पेलाभर पाण्याचेच पाहिले तर ते जलूदहून येते. सुमारे सत्तर किलोमीटरवरून नर्मदा वर चढवून १९७८ पासून या शहरात आणली जाते, तेव्हा माझ्या भातात ती शिजते. गहू सिहोरकडचा शरबती, म्हणजे माळव्याच्या काळ्या मातीत कोणीतरी थंडीच्या रात्री पाणी दिलेला. आणि मेथीची देठे, दुधीची साल मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकते, सकाळची गाडी ती घेऊन जाते, आणि देवगुराडियाच्या प्रकल्पात, जेथे २०२२ मध्ये रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेण्याची सोय झाली, त्यांचा वायू होतो आणि त्यावर शहरातल्या बसगाड्या धावतात. माझ्या स्वयंपाकाआधी इतके हात आहेत आणि नंतरही इतके. केवळ स्वतःसाठी शिजवायचे असे मी अगदी हट्टाने ठरवले तरी ते मला साधणार नाही.

हे सारे खरे असले तरी बुद्धीला पटते तेवढे मनाला पटत नाही, हेही खरे. जेवताना समोर खुर्ची रिकामीच असते.

ऋग्वेदातले वचन तर याहून कठोर आहे: ‘केवलाघो भवति केवलादी’, एकटाच खाणारा केवळ पापाचा धनी होतो. माझ्या वडिलांच्या तोंडी ते नेहमी असे आणि ते म्हणून ते दारातल्याला आधी वाढायला लावीत. दहाव्या मंडलातले ते संपूर्ण सूक्त मी आज सकाळी काढून वाचले. त्यात राग आहे तो घरात अन्न असून दारी आलेल्या भुकेल्यापुढे मन घट्ट करणाऱ्यावर. ज्याच्या पानाशेजारी कोणी उरलेले नाही त्याच्यावर तो राग नाही. वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला त्यातून सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण मला वाटले ते एवढेच की दार उघडे आहे का ते आपण पाहावे.

अहिल्याबाईंचा विचार मनात आला. या शहरात तो येतोच. १७५४ मध्ये पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. महेश्वरला त्यांच्या पानाशेजारी कोणकोण बसत असेल हे मला ठाऊक नाही, पण दूरदूरच्या तीर्थक्षेत्री त्यांनी घाट, धर्मशाळा बांधल्या आणि अन्नछत्रे चालवली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांना कोणी म्हटले असते का, की बाई, तुम्ही एकट्या, हा श्लोक तुमच्यासाठी नाही? माझी त्यांच्याशी बरोबरी नाही आणि खजराण्याच्या गणपती मंदिरातल्या अन्नक्षेत्रात वर्षातून एकदा दिलेल्या शिध्याने ती होणारही नाही. मला फक्त एवढे दिसले की एकट्या माणसाला कोणी कर्तव्यातून मोकळे केले तर त्याने ते मोकळेपण स्वीकारायलाच हवे असे नाही.

छांदोग्य उपनिषदातली श्वेतकेतूची गोष्ट मला फार आवडते. वडिलांनी त्याला पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी असे सांगितले. नंतर ऋचा म्हणायला सांगितल्या तर त्याला एकही आठवेना. मग जेवून आल्यावर सगळ्या आठवल्या. मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरावा आणि गवत घातल्यावर पुन्हा पेटावा, तसे ते झाले. मन अन्नाचे बनलेले आहे, हे त्याला वडिलांनी त्याच्याच भुकेतून शिकवले. काल एकादशी होती, पोट रिकामे होते, आणि पाठ करताना दोन ठिकाणी चरण मागेपुढे होऊ लागले तेव्हा मला ही गोष्ट आठवली होती. पण तिचा खरा उपयोग आज झाला. ज्या मनात यांची बसण्याची पद्धत, आईचा हिंगाचा डबा, वडिलांचे ते वचन, मुलांची पानावरची भांडणे जशीच्या तशी आहेत, ते मन माझ्या रोजच्या वाटीभर आमटीवर टिकून आहे. मी दोन दिवस बिस्किटांवर काढले की पहिल्यांदा माझी चिडचिड वाढते आणि मग आठवणी पुसट होतात, हा माझा अनुभव आहे. तेव्हा मी रांधते ती त्या सगळ्यांसाठीही रांधते. ते जेवायला येत नाहीत, पण त्यांना राहायला जागा लागते.

हे लिहिताना मनावरचा भार उतरला. वहिनींवर तर राग नव्हताच. त्या दिवसभर आठ माणसांचे करतात. त्यांना एकटीचा स्वयंपाक म्हणजे विसावा वाटत असेल तर त्यात नवल नाही. ज्ञानेश्वर माउली याच श्लोकाच्या निरूपणात सांगतात की अन्नाला साधारण समजू नये, ते ब्रह्मरूप आहे. आठ माणसांच्या धांदलीत हे ध्यानात ठेवणे माझ्याहून त्यांना अवघड आहे, आणि मी तरी त्या धांदलीच्या काळात ते कुठे ध्यानात ठेवू शकत होते? चरकसंहितेत जेवणाचे जे नियम आहेत त्यांत न बोलता, न हसता, अन्नात मन ठेवून जेवावे असे सांगितले आहे. न बोलणे मला परिस्थितीनेच मिळाले. अन्नात मन ठेवणे मात्र रोज नव्याने करावे लागते. दूरदर्शनच्या बातम्या लावल्या की ते तत्काळ जाते, म्हणून जेवताना तो संच मी बंद ठेवते, आणि मग घर फार शांत होते, आणि त्या शांततेत पहिले पाचसहा घास जड जातात. नंतर मेथीचा कडवटपणा कळू लागतो, तुपाचा वास कळू लागतो. सातवा-आठवा घास खरा जेवणाचा असतो.

आज पारण्याला मी एक गोष्ट केली. भात वाढून घेतल्यावर पानाभोवती पाणी फिरवले आणि उजव्या बाजूला भाताची पाच शिते चित्राहुतीची मांडली. शेवटचे शीत सर्व भूतांसाठी असते. आमच्या घरी हे काम नेहमी पुरुषांचे राहिले. मी फक्त जेवण झाल्यावर ती शिते उचलून जागा पुसून घेत असे. मला त्याचा अधिकार आहे की नाही, हे ताईंना विचारावे असे आधी वाटले, मग न विचारण्याचे ठरवले. गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही, म्हणून पाणीही टेबलाच्या काचेवरच फिरवले आणि शितेही काचेवरच ठेवली. गॅलरीला पारव्यांसाठी जाळी लावली असल्याने कावळा येत नाही, तेव्हा ती घेऊन मला जिना उतरून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जावे लागले, आणि गुडघे दुखत असतानाही मी गेले. टेबलावरची चित्राहुती यांना चालली असती, असे मला वाटते.