चावी सोडली की भुक् करते

सेल्फ मस्त घेते पण स्टार्ट होत नाही, ही तक्रार पावसाळा लागला की आमच्याकडे रोजचीच, आणि जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा डेल्कोची (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) कॅप कोरड्या फडक्याने पुसून वायरी नीट दाबून बसवल्या की काम होऊन जातं. पण हल्ली डेल्कोवाल्या गाड्याच किती राहिल्यात म्हणा. वागळे इस्टेटला माझं छोटं गॅरेज आहे, तिथे नवीन आलेल्या पोरांना डेल्को म्हणजे काय हे कॅप उघडून दाखवावं लागतं. त्यामुळे नौपाड्यातून एका रिटायर्ड सरांचा फोन आला की मारुती एट हंड्रेड बंद पडलीये, कार्बोरेटरवाली आहे, तेव्हा मी पोराला न पाठवता स्वतःच गेलो.

गाडी १९९८ची, एमएच ०४, दर पाच वर्षांनी री-पासिंग करून जपलेली. बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये खांब आणि भिंतीच्या मध्ये अशी घुसवलेली की ड्रायव्हरचं दार अर्धंच उघडतं. माझ्याआधी दुसऱ्या एका मेकॅनिकचा हात फिरून गेला होता. तिन्ही प्लग नवे, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल नवी, डेल्कोची कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर नवे, आणि आता तो म्हणत होता की डेल्कोच्या आतलं, कॉइलचा करंट चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलंय, अख्खा डेल्को बदलावा लागेल, तोही नवा मिळणं कठीण, कुर्ल्याला स्क्रॅपवाल्यांकडे शोधावा लागेल. सर वैतागलेले. "अरे बाळा, आत्तापर्यंत एवढे पैसे गेले आणि गाडी आहे तिथेच आहे. आणि एक सांगू का, सेल्फ मारताना काही होत नाही, पण चावी सोडली ना की एकदा भुक् करते. त्याला सांगितलं तर म्हणाला बॅटरी वीक असेल."

खरं सांगायचं तर माझं अर्धं काम सरांनी तिथेच करून टाकलं होतं, पण गाडी न बघता बोलायचं नसतं म्हणून गप्प बसलो.

आधी नुसता सेल्फ मारायला लावला आणि ऐकलं. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर इंजिन हलकं होतं, सेल्फ सुसाट एका सुरात फिरतो, इथे तसं नव्हतं, कॉम्प्रेशनचा दम नीट येत होता. तरी खात्री म्हणून कॅप उघडली, रोटर फिरतोय. या इंजिनात डेल्को त्या बेल्टने फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे रोटर फिरला म्हणजे बेल्ट शाबूत. प्लग काढला तर पेट्रोलने ओलाचिंब, म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाहीये. तोच प्लग वायरीत घालून इंजिनच्या बॉडीला टेकवला, सेल्फ मारला, ठिणगीचा पत्ता नाही. कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या जाड वायरीलाही टेस्टर लावून बघितला, तिथेही नाही. (काही जण ती वायर हवेत लांब धरून स्पार्क बघतात, इलेक्ट्रॉनिकवाल्या गाडीत ते करू नये, उडी मारायला जागा मिळाली नाही की व्होल्टेज आतलंच काहीतरी फोडतं.)

आता मीटर. कॉइलच्या प्लसवर लाल पिन, काळी बॅटरीच्या मायनसला, चावी ऑन. १२.३ व्होल्ट. एकदम ओके. आधीच्या माणसानेही हेच बघितलं असणार आणि म्हणूनच कॉइल, मग मॉड्यूल असा तो पुढे पुढे सरकत गेला, कारण बारा व्होल्ट येतायत म्हटल्यावर सप्लायकडे कोण परत बघतो.

पिना तशाच ठेवल्या आणि म्हटलं, "सर, आता सेल्फ मारा." इंजिन फिरायला लागलं आणि मीटर खाली, ०.४. सरांनी चावी सोडली, इंजिन भुक् झालं, मीटर परत १२.

बॅटरीच पडतेय का म्हणून तिच्या टर्मिनलवर पिना लावल्या, सेल्फ मारताना १०.४, काही प्रॉब्लेम नाही. मग सरांना विचारलं, "सेल्फ मारताना समोरचे लाल दिवे राहतात की जातात?" त्यांनी वाकून बघितलं. "जातात रे, पूर्ण विझतात." नुसती कॉइलची वायर तुटली असती तर डॅशबोर्डवरचे ऑइलचे, चार्जिंगचे दिवे थोडे मंद होऊन का होईना, राहिले असते. तेही जातायत म्हणजे अख्खी इग्निशनची लाइनच सेल्फच्या वेळेला कटतेय.

कसं असतं की सेल्फ मारताना रेडिओ, ब्लोअर वगैरे मुद्दाम बंद होतात, सगळा जोर स्टार्टरला मिळावा म्हणून. पण इग्निशनची लाइन ऑनला पण आणि सेल्फला पण चालू राहायलाच पाहिजे. इथे ती सेल्फच्या टोकाला सुटत होती. चावी सोडली की स्प्रिंगने ऑनवर परत येते, तेवढ्यात इंजिन अजून आपल्या वेगाने अर्धं-एक चक्कर फिरत असतं, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलंच, कॉइलला करंट मिळतो, एखादी ठिणगी पडते, भुक्! बिचारी गाडी दर वेळी ओरडून सांगत होती.

मग फ्यूज असलेली वायर बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलच्या प्लसला लावली. सेल्फ मारला, पहिल्याच फटक्यात स्टार्ट, साचलेल्या पेट्रोलचा काळा धूर स्टिल्टभर. सर एवढे खूश की लगेच चावी बंद करून परत स्टार्ट करून बघायला गेले, तर इंजिन बंदच होईना. चावी काढून हातात घेतली तरी गाडी चालू, पेट्रोलचा काटा वर, वायपर मारला तर वायपरसुद्धा चालू! "अरे हे काय भूत लागलं हिला!" भूत कसलं, माझ्या वायरीतून करंट उलटा जाऊन सगळी लाइन जिवंत ठेवत होता. क्लिप काढली, बंद.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढून स्विचच्या कप्लरवर परत तेच माप घेतलं, बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर सेल्फ मारताना दहाच्या वर, बाहेर जाणाऱ्या इग्निशनच्या वायरीवर शून्य. संपला विषय. लॉकच्या मागचा वायरिंगचा स्विच बाहेर काढून उघडला तर पितळी पट्टीचं सेल्फकडचं टोक काळंठिक्कर आणि तिला धरणारं प्लास्टिक घासून सैल. सरांच्या जुडग्यात घराची, कपाटाची, गच्चीची, गावच्या घराची, सगळ्या चाव्या एकत्र, वर पितळेचा गणपती. एवढं वजन वर्षानुवर्षं लटकलं तर दुसरं काय होणार.

सर म्हणाले, "कॉइलला थेट करंट देणारं एक वेगळं बटण लावून दे ना, कशाला स्विच?" बरेच जण लावून घेतात, मी नाही लावत. कॉइलचं बटण एकदा चालूच राहिलं तर बॅटरी तरी बसते नाहीतर कॉइल भाजून निघते. स्पेअरवाल्याकडून स्विच मागवला, जेवणाच्या वेळेपर्यंत आला, बसवला. काढून ठेवलेली जुनी कॉइल मापली, ठणठणीत होती, ती डिकीत टाकली. नव्या वस्तूंचे पैसे मात्र गेलेच.

सरांनी माझ्यासमोरच त्या आधीच्या मेकॅनिकला फोन लावला, मला वाटलं आता झापणार, पण त्यांनी "घे, याच्याशी बोल" म्हणून फोन माझ्याच हातात दिला. मुलगा चांगला निघाला, नीट ऐकून घेतलं, म्हणाला माझ्याकडे एक ओमनी अशीच उभी आहे. म्हटलं, सेल्फ मार आणि दिवे जातात का सांग. त्याने फोन चालू ठेवूनच मारला. दिवे जात नव्हते, कॉइललाही सेल्फ मारताना करंट येत होता. तिचा डेल्को उघडायला सांगितला.