तुम्ही विचारलंत म्हणून: इंटेलच्या लॅपटॉपवर एएमडी कसं चालेल?

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये गणपतीच्या वर्गणीखालोखाल मला काय विचारलं जात असेल, तर हेच: "काका, एखादा प्रोग्रॅम डाउनलोड करायला गेलं की चार-चार बटणं दिसतात. आपलं कुठलं?" आणि त्याला जोडून, आवाज जरा खाली आणून: "माझ्या लॅपटॉपवर तर इंटेलचा स्टिकर आहे. बटणावर एएमडी६४ लिहिलंय. म्हणजे ते माझं नाही ना?"

तुमचंच आहे. विंडोज ६४-बिटचं असेल तर बिनधास्त घ्या.

इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, बनवणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्या, आणि हा घोळ नावाचा आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला त्याच्या सरकारी नावाने, डॉ. भडकमकर मार्ग म्हणून, हाक मारणारा दुकानदार मला अजून भेटायचाय, तसंच हे. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर आला १९७८ मध्ये. त्याच्या पुढच्या पिढ्या २८६, ३८६, ४८६ अशा नावांनी आल्या, म्हणून अख्ख्या घराण्याला एक्स८६ म्हणायची पद्धत पडली. ३८६ पासून घराणं ३२-बिट झालं, म्हणजे एका दमात शून्य-एकचे ३२ अंक हाताळू लागलं. ६४-बिटची वेळ आली तेव्हा इंटेलने २००१ मध्ये इटॅनियम नावाची वेगळीच चूल मांडली. जुने प्रोग्रॅम त्यावर रडतखडत चालायचे. एएमडीने मात्र जुन्या इमारतीवरच मजला चढवला. खालचे भाडेकरू जागच्या जागी, वर नवे. २००३ मध्ये ते प्रोसेसर बाजारात आले, आणि पुढच्याच वर्षी इंटेलनेही मुकाट्याने तीच पद्धत उचलली. मजला एएमडीने बांधला, म्हणून पाटीवर नाव त्यांचं. एएमडी६४, एक्स६४, एक्स८६-६४ ही तिन्ही नावं एकाच वस्तूची. नुसतं एक्स८६ किंवा आय३८६ लिहिलं असेल, तर ते बहुधा ३२-बिटचं समजायचं.

(विंडोजच्या पोटात सिस्टिम३२ नावाचं फोल्डर असतं. ६४-बिटच्या विंडोजमध्ये त्यात ६४-बिटच्या फायली असतात, आणि ३२-बिटच्या ज्या फोल्डरात असतात त्याच्या नावात ६४ आहे. अशा लोकांनी बटणांना नावं दिली आहेत, हे लक्षात ठेवा म्हणजे स्वतःला दोष देणार नाही.)

स्टिकर बघू नका, मशीनला विचारा. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट. तिथे 'सिस्टिम टाइप' अशी एक ओळ आहे आणि तिच्यात दोन गोष्टी आहेत: ऑपरेटिंग सिस्टिम किती बिटची, आणि प्रोसेसर कुठला. लोक दुसरी वाचतात आणि पहिली सोडतात. मीही सोडली होती. आठ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर मी एकदा जुन्या सीडीवरून ३२-बिटचं विंडोज चढवलं. प्रोसेसर ६४-बिटचा, म्हणून निर्धास्त. ६४-बिटचा एकही प्रोग्रॅम बसेना, आणि रॅममधली वापरण्याजोगी साडेतीनच्याही आत. ३२ बिटांत मोजता येतील असे पत्तेच मुळी चार जीबीचे, त्यातले काही बाकीचं हार्डवेअर खातं. उरलेली रॅम पैसे मोजून घेतलेली आणि नुसती बसून. उलट बाजूने तक्रार नसते: ६४-बिटच्या विंडोजवर ३२-बिटचे बहुतेक प्रोग्रॅम सुखाने चालतात.

आता तिसरं बटण, आर्म६४. इथे मात्र नुसती पाटी वेगळी नाही, प्रोसेसरचं घराणंच वेगळं. मी रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आपल्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. मग टप्प्याटप्प्याने वरच्या वायरीत २५ हजार व्होल्ट एसी आला; पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये पुरं झालं, हार्बरवर २०१६ मध्ये. डबे तसेच, गर्दी तीच, विंडो सीटसाठी भांडणंही तीच. पण निव्वळ डीसीचा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, एसीच्या वायरीखाली चालत नाही. मधल्या वर्षांत म्हणून दोन्हीवर धावणारे रेक होते. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरात इंटेल सोडून स्वतःच्या, आर्म घराण्यातल्या एम१ चिपचे मॅक आणले, तेव्हा असंच झालं. मॅकच्या डाउनलोडवर 'युनिव्हर्सल' लिहिलं असेल, तर तो दोन्हीवर धावणारा रेक. डोळे झाकून घ्या. तसं नसेल तर सफरचंदाच्या मेनूत 'अबाउट धिस मॅक' उघडा. 'चिप' म्हणून एम१, एम२ असं काही दिसलं की ॲपल सिलिकॉनचं बटण, 'प्रोसेसर' म्हणून इंटेल दिसलं की इंटेलचं.

विंडोजमध्ये आर्मचे लॅपटॉप आता दुकानांत दिसतात, आणि दुकानदार म्हणतो "सगळं चालतं." अर्धं खरं आहे. इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आत बसलेला दुभाषी भाषांतर करून चालवतो, आणि बऱ्यापैकी चालवतो. पण ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटरसारखं जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दुभाषी चालत नाही. तो सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, तिथे आर्मचीच भाषा लागते.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीने असाच लॅपटॉप घेतला. हलका, बॅटरी दिवसभर, ती खूश. घरातला जुना प्रिंटर मात्र ओळखेना. दोन रविवार आम्ही ड्रायव्हर शोधला. आर्मचा निघालाच नाही. शेवटी प्रिंटर माझ्या डेस्कटॉपला जोडून टाकला. आता प्रोजेक्टची पानं काढायला ती खाली येते, आणि मागोमाग वहिनी डब्यातून काही ना काही पाठवतात. परवा थालीपीठ होतं.